सारवलेल्या घरांचा पंचनामा

३ ऑक्टोबर, शनिवार. सकाळची शाळा सुटली आणि मी खेळाच्या खोलीचं कुलूप काढलं. गेल्या वर्षी पुराच्या वेळी आलेल्या कपड्यांची गाठोडी वर्षभर तिथंच पडून आहेत. पुढच्या आठवड्यात खो-खोच्या स्पर्धा आहेत, आणि खांब, दोऱ्या, चुन्याची पोती सगळं व्हरांड्यात ओलं होतंय. आज खोली रिकामी करायचीच, असं ठरवूनच घरून निघाले होते.

आमचे शिपाई गफूरमामा यांनी पहिली गाठ सोडली. आतून लोकरीचा एक जाड काळा कोट निघाला. मग टिकल्यांचा घागरा. मग टायांचं एक भेंडोळं. मग एकाच पायाचा बूट. ओल लागून सगळ्याला सारखाच वास येत होता, बंद ट्रंकेचा आणि उंदरांचा.

"बाई, ये टाय लावून कोण जाईल खुरपायला?" मामा म्हणाले. "वासरू बांधायला बी पुरत न्हाई."

मी म्हटलं, "बोलू नका, वेगळं करा. चांगलं इकडं, फाटकं तिकडं, आणि ज्याचं काय करावं ते कळत नाही ते मधी."

अर्ध्या तासात मधला ढीगच सगळ्यात मोठा झाला.

यंदा अधिक महिना आल्यानं सण लांबलेत. पित्रं आत्ता चालू आहेत, आणि उद्याचा रविवार सोडून पुढच्या रविवारी घट बसतील. गेल्या वर्षी याच पंधरवड्यात नदी आली होती. तारीख वेगळी असली तरी हवा तीच आहे. दुपारी अंगाला चावणारं ऊन, तीन वाजता अचानक भरून येणारं आभाळ, पिवळ्या पडत चाललेल्या सोयाबीनचा वास. गेल्या वर्षी तो वास वेगळा होता. शेंगा पाण्यात उभ्या राहून कुजल्या होत्या, आणि शाळेच्या गच्चीवर गेलं की वारा तो वास घेऊन यायचा. यंदा सोयाबीन चांगलं आहे. तरी नाक आपोआप तो जुना वास शोधतं. कामून शोधतं, ते मला सांगता येणार नाही.

आमचं गाव सोनपेठच्या रस्त्याला, चढावर आहे. थडी हे गाव खाली, गोदावरीच्या अगदी अंगावर. पाणी वाढलं तेव्हा थडीची माणसं ट्रॅक्टरमधून आमच्या शाळेत आणली. मुख्याध्यापक तेव्हा दवाखान्यात होते, म्हणून शिबिराची जबाबदारी माझ्यावर आली. मी गणित शिकवते. माणसं, वर्ग, ताटं, चादरी, हे गणित मला जमेल असं वाटलं होतं.

पहिल्याच ट्रॅक्टरमधून द्रौपदाबाई उतरली. पन्नाशीची, एकटी राहणारी, मुलगा पुण्याला कंपनीत. तिच्या हातात म्हशीच्या वगारीची दोरी होती आणि बाकी काही नव्हतं. मी विचारलं, सामान कुठंय? म्हणाली, "वगार आणली की."

"आणि देव?"

"देवाला पवता येतंय बाई. हिला न्हाई येत."

सातवीचा वर्ग आम्ही शेळ्या-वासरांना दिला. कारण जनावरं बाहेर राहिली तर माणसं आत थांबत नव्हती. फळ्यावर त्रैराशिकाचं उदाहरण तसंच राहिलं होतं, आणि त्याच्याखाली वगार रवंथ करत बसलेली. पुढं किती तरी दिवस त्या वर्गात शेणाचा वास होता. पोरांनी तक्रार केली नाही. उलट त्यांना तो वर्ग घरासारखा वाटायला लागला, असं एक पोरगी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मदत आली. मदत येते म्हणजे गाडी येते, बॅनर उतरतं, माणसं उभी राहतात, फोटो निघतो, मग खिचडी उतरते. एका दिवशी तीन गाड्या आल्या आणि तिन्हींत खिचडी. मी फोनवर सांगत होते की चारा पाठवा, खराटे पाठवा, फिनेल पाठवा. पलीकडून आवाज यायचा, हो मॅडम, नक्की, आणि संध्याकाळी बिस्किटं यायची. त्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. लांबून, चिखल तुडवत, स्वतःच्या खर्चानं येत होते. एक बाई तर इतक्या मनापासून वाढत होत्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण वगारीला खिचडी चालत नाही, हे त्यांना कसं सांगायचं ते मला समजेना. मी सांगितलंही. त्यांना वाटलं मी विनोद केला.

एका संस्थेचा माणूस फॉर्म घेऊन आला. 'विस्थापित कुटुंबाचा तपशील' असं वर छापलेलं. त्यानं द्रौपदाबाईला विचारलं, "तुम्ही विस्थापित ना?"

"आमी थडीचे," ती म्हणाली.

"हो, पण सध्या विस्थापित."

"सध्याबी थडीचेच. शाळेत बसलाव म्हून का गाव बदलतंय?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, लिहा तुमचं. त्यानं लिहिलं. नंतर तो फॉर्म मी वाचला, तर कारणाच्या रकान्यात दोनच पर्याय होते, संघर्ष किंवा आपत्ती. मी तो कागद हातात धरून उगीचच जरा वेळ उभी राहिले.

मी चार वर्षांची असताना आमच्या गावात आमच्या वस्तीवर माणसं चालून आली आणि घरं जाळली. आजोबांपासून आम्ही बौद्ध. बाकीचं सगळं मला मोठेपणी समजलं आणि ते लिहायची ही जागा नव्हे. मला स्वतःला आठवतो तो परभणीतल्या एका वसतिगृहाचा हॉल, गार फरशी, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीचा फ्रॉक. पुढं शाईचा डाग होता. रोज एक अनोळखी बाई फडक्यात भाकरी घेऊन यायची. तिचं नाव आम्ही कुणीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं कुठून तरी केरसुणी मिळवली आणि तो अख्खा हॉल झाडून काढला. मी विचारलं, हे आपलं घर आहे का? आई म्हणाली, न्हाई. मग झाडतेस कामून? तर म्हणाली, "बसून ऱ्हायलं की रडू येतं."

माझ्या सगळ्या हुशारीचं मूळ बहुतेक तिथं आहे. माणसं नुसती बसलेली मला बघवत नाहीत. शिबिरात मी सगळ्यांना कामं लावली. कुणी पाणी भरायचं, कुणी वर्ग झाडायचे, कुणी म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायचं. थडीच्या माणसांना ते आवडलं की नाही, हे मी विचारलं नव्हतं. आता विचारावंसं वाटतं.

पित्रं चालू होती. द्रौपदाबाईच्या सासऱ्याची तिथी शिबिरात आली. तिनं गाडीतल्या खिचडीचा घास पत्रावळीवर काढला आणि शाळेच्या भिंतीवर ठेवला. आम्ही सगळे बघत उभे. ठेवायचा अवकाश, कावळा आला आणि सगळं फस्त करून गेला.

"बघा," द्रौपदाबाई म्हणाली, "जित्तेपणी खिचडी केली की ताट सारायचे. आता गोड लागली."

सगळ्या बायका हसल्या. पूर आल्यापासून पहिल्यांदाच हसल्या असतील. आणि लगेच, हसणं ओसरताच, कुणीतरी म्हणालं, चार दिवसांवर घट आले.

घट म्हणजे काय, हे मला बाहेरून माहीत आहे. आमच्याकडं घट बसत नाही. पण याच भागात जन्म गेला, त्यामुळं त्याआधी घराचं काय करतात ते ठाऊक आहे. पांघरुणं धुवायची, भांडी घासायची, भिंतींना पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, जमीन शेणानं सारवायची. तसं केल्याशिवाय देवी घरात येत नाही. पाणी उतरलं होतं. घरांत गुडघाभर गाळ होता. आणि मला आलेल्या सूचनेत स्पष्ट होतं की गाव राहण्यायोग्य आहे असं कळवल्याशिवाय शिबिरातून कुणाला सोडू नये. मी त्या कागदावर सही केली होती.

द्रौपदाबाईनं त्या दिवशी जेवण सोडलं. ताट समोर, हात मांडीवर.

"देव गाळात, आन मी इथं बसून खिचडी खाऊ?"

"देवाला पोहता येतं म्हणाली होतीस."

"पवता येतंय. आंघोळ आमीच घालावी लागती."

मी विचार केला, यात काय चूक आहे? धडधाकट बाया आहेत, त्यांना आपलं घर धुवायचंय. रात्री परत येऊन झोपतील. मी ट्रॅक्टर ठरवला. मदतीत आलेलं फिनेल, जंतुनाशक पावडर, खराटे, सगळं काढून दिलं. एकदाची उपयोगाची वस्तू हातात आली म्हणून मलाच आनंद झाला होता.

ट्रॅक्टर एकच होता आणि बायका जास्त. खालच्या वस्तीतल्या, म्हणजे बौद्ध घरांतल्या बायकाही चढून बसल्या होत्या. त्यात कमल होती. कमल आमच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते, त्यामुळं माझ्या रोजच्या ओळखीची. तिनं गर्दी बघितली आणि म्हणाली, "उतरा गं. त्यांचे घट तोंडावर आलेत. आपल्याला दसऱ्याच्या आत करायचं, अजून लय दिस हायत." आमच्याकडं घरं झाडून-सारवून निघतात ती दसऱ्याला, धम्मचक्र दिनासाठी. कमल उतरली, तिच्यामागं बाकीच्या उतरल्या. मी ते बघितलं आणि मनात म्हटलं, शहाणी आहे.

ती दोन दिवसांची सफाई माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी गेले होते सोबत. घरात पाय टाकला की पोटरीपर्यंत आत जायचा आणि वर काढताना चिखल सोडायचा नाही. पिठाच्या डब्यात गाळ, रेडिओत गाळ, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानापानांत गाळ. एका रांजणात मेलेला साप. बायकांनी फळ्यांनी चिखल ओढून दारात ढीग लावले. घागरी भरभरून भिंती धुतल्या. कुणाच्या तरी शेतातून पांढरी माती आली, ती भिजवली, आणि कमरेत पदर खोचून त्या जुन्या कापडाच्या पोतेऱ्यानं भिंतींना हात द्यायला लागल्या. ओल्या मातीचा वास एवढा चांगला आहे, हे त्यांना आणि मला एकदमच आठवलं. एकीनं दुसरीच्या गालाला माती लावली. संध्याकाळी वरच्या आळीतली, द्रौपदाबाईच्या बाजूची घरं अशी दिसत होती की नदी कधी आलीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी पंचनाम्याचे साहेब आले.

तरणा माणूस होता. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल, किती गावं पायी हिंडून आला होता कुणास ठाऊक. तो तिरसट नव्हता, घाईत होता. द्रौपदाबाईच्या दारात रांगोळी काढलेली. त्यानं ती ओलांडली, आत आला, चारी भिंतींकडं बघितलं.

"पाणी कुठपर्यंत होतं?"

द्रौपदाबाईनं देवळीपर्यंत, भिंतीतल्या कोनाड्यापर्यंत, हात केला. छातीच्याही वर.

"काहीच दिसत नाही पण."

"दिसंल कसं?" तिचा चेहरा फुलला. "दोन हात दिलेत पांढऱ्या मातीचे. बघा साहेब, हात फिरवून बघा. येक डाग सापडायचा न्हाई."

साहेब हसला. तिनं त्याला कोरा चहा दिला, शेजारणीकडून साखर आणून. मी बाजूला उभी होते. आणि मी, शिबिरप्रमुख, बी.एड. झालेली बाई, कौतुकानं म्हणाले, "साहेब, आमच्या बायका बसून राहणाऱ्या नाहीत."

त्यानं मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आम्हांला दिवाळीनंतर कळलं. घरात पाणी शिरल्याचे दिसून येत नाही. त्याचं तरी काय चुकलं? जे दिसलं ते त्यानं लिहिलं. न दिसणारं लिहिलं असतं तर ती चूक ठरली असती.

तिथून तो खालच्या वस्तीत गेला. तिथं अजून गाळ तसाच होता, भांडी गाळात रुतलेली, कमलच्या न्हाणीत फुगलेली मेलेली कोंबडी. त्यानं सगळ्याचे फोटो काढले.

भरपाईची यादी ग्रामपंचायतीत लागली तेव्हा वरच्या आळीतली बहुतेक घरं तीत नव्हती. कमलची वस्ती होती, आणि भरपाईच्या पैशांत तिथली घरं नव्यानं झाली. थडीच्या पारावर, हॉटेलात, एस.टी.च्या थांब्यावर बोललं जाऊ लागलं की वाघमारे बाईंनी, म्हणजे मी, आपल्या माणसांचा चिखल जपून ठेवला आणि दुसऱ्यांचा धुऊन टाकला. मला हे गफूरमामांनी सांगितलं. मी म्हटलं, बोलू दे. मी खरोखर बोलू दिलं. आपण काही केलं नाही, मग उत्तर कसलं द्यायचं?

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. साहेब कमलच्या घराचे फोटो काढत होता तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला स्पष्ट आठवतं. नुकसान खरं होतं आणि त्याची नोंद होत होती, म्हणून वाटलं? की एकदा तरी आमच्या माणसांच्या वस्तीत कुणीतरी फोटो काढायला आलं, म्हणून? मी मुद्दाम काहीही केलं नाही. तरी लोक म्हणतात ते ऐकलं की मी पटकन 'नाही' म्हणू शकत नाही, जीभ एक क्षण थांबते. वर्ष झालं, तो एक क्षण मला सुटलेला नाही.

द्रौपदाबाईला मी तेव्हाच हरकत घ्यायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "जाऊ द्या बाई, भिंती तर उभ्या हायत." मलाही सोयीचं वाटलं.

यंदाच्या पावसात तिच्या मागच्या भिंतीनं पोट काढलं. मातीची भिंत, वर्षापूर्वी पाण्यात तीन दिवस उभी राहिलेली. आता लाकडाचे दोन टेकू लावून ती थांबवली आहे, आणि द्रौपदाबाई पुढच्या खोलीत, दाराजवळ झोपते. म्हणजे पळता येईल.

आज मी आणि मामा कपडे निवडत असताना ती खोलीच्या दारात आली.

"बाई, हाव का?"

"ये. कोट पाहिजे का?"

"कोट घालून भिंत धरू का?" तिनं पदराखालून एक कागद काढला. "फेरतपासणीचा अर्ज घ्यायलेत. सोमवारी शेवटचा दिस हाय. संगं कुणाचं तरी पत्र लागतंय, पुरात हजर व्हतं असं जबाबदार माणसाचं. ते न्हाई लावलं तर अर्ज घेत न्हाईत."

मी कागद वाचला. तिनं सोपं करून सांगितलं, "पाणी शिरलं व्हतं, आन घर तुमच्या सांगण्यावरनं धुतलं, येवढं लिवा."

मी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. कारण तेवढं लिहिणं म्हणजे, शिबिरातून कुणाला सोडू नये या सूचनेखाली सही करून मीच माणसं सोडली, हे लेखी देणं. वर खुलासा मागतील. नोकरीची सहा वर्षं राहिली आहेत. भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर त्यापेक्षा जास्त मला लाज वाटली की भीती वाटली.

"तुमी कामून गप्प?"

तेवढ्यात शेजारच्या स्वयंपाकघरातून कमल आली, हात ओले, पातेलं घासता घासता उठून. तिनं सगळं ऐकलं होतं.

"लिवा की बाई," ती म्हणाली. "पर येक हाय. ही यादी उघडली की समदी उघडंल. मग आमच्या गल्लीत येतील आन म्हनतील, तुमी चिखल ठिवला व्हता का मुद्दाम."

द्रौपदाबाई तिच्याकडं वळली. "मी म्हनले का तसं कधी?"

"तुमी न्हाई म्हनल्या. तुमचा दीर म्हनला. हाटेलात, धा मानसांत."

"त्येचं तोंड मी धरू का?"

"धरा की. तुमचाच दीर हाय."

"ये लो," गफूरमामांनी टायांचं भेंडोळं पुढं केलं, "बांधून टाका मुंह. कुणाला तरी कामाला येईल."

कुणी हसलं नाही. नाही, मी हसले, पण उशिरा.

कमल म्हणाली, "त्या दिशी मी ट्रॅक्टरवरनं उतरले ती तुमच्या घटासाठी. त्येचाच बोल आता आमाला."

"उतरलीस म्हून तर तुजं घर झालं," द्रौपदाबाई म्हणाली. बोलून गेली आणि तिचं तिलाच समजलं.

"झालं म्हंजी?" कमलचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "माजंबी घर बुडालंच व्हतं. बुडालं म्हून झालं. तुमचंबी बुडालं, तुमी धुवून काढलं. आमी बी धुनारच व्हताव, आठ दिसांनी."

त्या दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या. दोघी माझ्याकडं बघत होत्या. आणि मी त्या मधल्या ढिगाकडं.

शेवटी कमलच म्हणाली, "लिवा बाई. भिंत पडली तर ही मरंल. पर आमच्या घरात चिखल व्हता, आन तो तुमी तुमच्या डोळ्यानं पायला, तेबी त्याच कागदावर लिवा."

मी म्हटलं, "उद्या सांगते."

मामांनी चमकून माझ्याकडं बघितलं. वीस वर्षांत मी 'उद्या' म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

आता संध्याकाळ आहे. घरी येऊन मी तीन कागद फाडले. पहिल्यात सगळं त्या सूचनेवर ढकललं होतं. दुसऱ्यात स्वतःवर इतकं घेतलं होतं की वाचताना मलाच खोटं वाटलं. तिसरा फक्त हिशेबी होता, पाणी किती, दिवस किती. मला नक्की काय कळत नाही, ते मांडायचा प्रयत्न करते. माणसं संकटातून आली की त्यांना त्यांचं आयुष्य लवकर परत मिळावं, असं मी समजत होते. पण मदत मिळायची तर संकट दिसत राहावं लागतं. म्हणजे गाळ ठेवायचा, रांगोळी काढायची नाही, रडायचं, फोटो येईपर्यंत बसून राहायचं. आईनं तो हॉल झाडला तेव्हा बघायला येणाऱ्या कुणाला वाटलं असेल का, की यांचं फारसं बिघडलेलं दिसत नाही? आणि मी बायकांना काय शिकवायचं पुढच्या वेळी? पूर पुन्हा येणार, हे तर नक्की. धुवा म्हणायचं की धुवू नका? फोटो काढून मग धुवा, हे उत्तर सोपं आहे, मलाही सुचतं. पण द्रौपदाबाईकडं फोन नव्हता, माझ्याकडं होता, आणि त्या दोन दिवसांत मी त्या फोननं एकच फोटो काढला. सारवून झालेल्या घराचा.

चौथा कागद लिहिला. तो फाडला नाही.

४ ऑक्टोबर, रविवार. सकाळी सातला मी स्कूटीवर थडीला निघाले. द्रौपदाबाई अंगणात होती, घमेल्यात पांढरी माती भिजत घातलेली. मी तिला पत्र वाचून दाखवलं. पाणी देवळीपर्यंत होतं. घरं धुवायला मी सांगितलं, परवानगी नसताना शिबिरातून मी सोडलं. खालच्या वस्तीतली घरं त्या वेळी धुतलेली नव्हती कारण त्या बायकांनी ट्रॅक्टरमधली जागा यांना दिली, आणि तिथला गाळ मी स्वतः पाहिला आहे. खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा.

तिनं ऐकून घेतलं. "परवानगीचं कामून लिवलं? तुमाला तरास होईल."

"होईल."

तिनं पत्र घडी करून अर्जात ठेवलं, अर्ज पिशवीत ठेवला, पिशवी खुंटीला अडकवली. मग घमेल्याशी येऊन बसली आणि विचारलं, "आता हे सांगा. घट आठ दिसांवर. साहेब कवा येतील ठावं न्हाई. सारवू का नको?"

मी घरात जाऊन बघितलं. टेकू लावलेली ती भिंत, तिच्यावर गेल्या वर्षीची पांढरी माती पोपडे सुटून खाली आलेली. पोपड्यांच्या खाली देवळीच्या उंचीला पाण्याची तपकिरी रेघ दिसायला लागली होती.

"तीन भिंती सारवू," मी म्हटलं. "ही राहू दे."

"घट ह्याच भिंतीला बसतोय."

"यंदा समोरच्या भिंतीला बसव."

"देवीला काय सांगू?"

"सांग, बाईंनी सांगितलं."

द्रौपदाबाईनं मान वर केली. "गेल्या सालीबी तुमीच सांगितलं व्हतं."

मी पदर खोचला आणि घमेल्यात हात घातला.